वारकरी आणि एस.टी.

आषाढीसाठी राज्य परिवहन महामंडळ दरवर्षी पंढरपूरला ज्यादा गाड्या सोडते. ही सोय स्तुत्य खरी. परंतु तिने वारकऱ्यांची निम्मीच गरज भागते. ज्ञानेश्वर महाराजांची पालखी नीरा ओलांडून सातारा जिल्ह्यात येते आणि लोणंद, तरडगाव, फलटण, बरड असे मुक्काम करीत सोलापूर जिल्ह्यात जाते. सांगली-मिरजेच्या शिक्षकाला वा कारकुनाला रजा मिळते ती दोन-चार दिवसांची. त्याला पंढरपूर नव्हे, फलटण गाठावयाचे असते. गुडघे थकलेल्या वृद्धेला तर पुढच्या मुक्कामापुरतीच गाडी हवी असते. नेमकी याच दिवसांत पालखीमार्गावरील वाहतूक अन्यत्र वळविली जाते.

शासनाने २०२२ साली ७५ वर्षांवरील नागरिकांना मोफत प्रवास दिला, २०२३ साली महिलांना निम्मे भाडे केले. पण हवी तेथे गाडीच नसेल, तर सवलतीचा उपयोग काय? मुक्कामागणिक वळणमार्गाच्या फेऱ्या ठरवून त्यांचे वेळापत्रक आगाऊ जाहीर करणे सातारा व सांगली विभागांना अशक्य नाही. चार कोस गाडीने गेल्याने वारी उणी होत नाही. वाटेतून घरी परतावे लागले, तर मात्र ती हुकते.