अ‍ॅप काढायचं, पण कुणाच्या फोनसाठी?

बायकांच्या सुरक्षिततेसाठी अ‍ॅप काढण्याची कल्पना हल्ली बहुतेक संस्था-संघटनांच्या बैठकीत एकदा तरी निघतेच. डिसेंबर २०१२ मधल्या दिल्लीच्या घटनेनंतर तर अशा अ‍ॅप्सचं पीकच आलं. बैठकीला आलेला तंत्रज्ञ पहिला प्रश्न विचारतो, "अँड्रॉइडवर करायचं की आयफोनवर?" आणि आपण बहुतेकजणी "ते तुम्हीच ठरवा" म्हणून मोकळ्या होतो. मला वाटतं, या प्रश्नाचं उत्तर आपणच द्यायला हवं. त्या एका निवडीत कुठली बाई आत येणार आणि कुठली दाराबाहेर राहणार, हे ठरून जातं.

आधी खर्चाचं बघू. गूगलच्या प्ले स्टोअरवर अ‍ॅप ठेवायचं तर नोंदणीचे २५ डॉलर एकदाच भरावे लागतात. अ‍ॅपलकडे दरवर्षी ९९ डॉलर. आयफोनचं अ‍ॅप बांधायला मॅक संगणकही लागतो. अँड्रॉइडचं काम कार्यालयातल्या साध्या संगणकावर होतं. मात्र अ‍ॅप करणाऱ्यांची एक तक्रार खरी आहे. आयफोनची मॉडेल्स मोजकी, त्यामुळे चाचणी सोपी. अँड्रॉइडचे फोन शेकडो प्रकारचे, जुन्या-नव्या आवृत्त्यांचे. बॅटरी वाचवण्यासाठी काही फोन मागे चालू असलेलं अ‍ॅप परस्पर बंद करून टाकतात. संकटकाळी उपयोगी पडायचं अ‍ॅप नेमकं त्या वेळी झोपलेलं असलं, तर ते नसलेलं बरं.

दुसरा फरक अधिक महत्त्वाचा. अँड्रॉइडवर बाईने आधी परवानगी दिली असेल, तर अ‍ॅप तिच्या वतीने आपोआप एसेमेस पाठवू शकतं. गूगलने या परवानगीवर पुढे कडक बंधनं घातली, तरी संकटसूचनेसाठी ती मिळू शकते. आयफोनवर अ‍ॅप मजकूर तयार करून समोर ठेवतं; 'पाठवा' हे बटण बाईलाच दाबावं लागतं. नवरा समोर उभा असताना हे एक बटणही फार असतं. शिवाय एसेमेसला इंटरनेट लागत नाही. डेटा संपलेल्या, रेंज जेमतेम असलेल्या वस्तीत याचं मोल आपल्याला सांगायला नको.

पण याच मोकळेपणाची दुसरी बाजू आहे. स्टोअरबाहेरून आणलेलं अ‍ॅप अँड्रॉइडवर बसवता येतं. बायकोचे मेसेज वाचणारी, ती कुठे जाते हे दाखवणारी पाळत ठेवायची अ‍ॅप्स याच वाटेने येतात. फोन दोन मिनिटं हातात मिळाला तरी पुरतं. आयफोनचं दार जास्त बंद आहे, त्यामुळे अशी चोरी तिथे अवघड जाते. मात्र पासवर्ड नवऱ्याला ठाऊक असेल तर तोही फोन उघडाच. ज्या घरात बाईच्या पर्सची झडती होते, तिथे फोनची होणारच. कुठलीही कंपनी हे कुलूप बाईला आयतं देणार नाही.

आता आपल्या बायकांच्या हातात काय आहे ते पाहू. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीनुसार (२०१९-२१) स्वतः वापरता येईल असा मोबाइल देशातल्या सुमारे ५४ टक्के बायकांकडेच होता. इंटरनेट कधीतरी वापरलेल्या बायका ३३ टक्के, तर पुरुष ५७ टक्के. भारतातल्या स्मार्टफोनपैकी नव्वद टक्क्यांहून अधिक अँड्रॉइडचे आहेत. घरात तो असला तरी अनेकदा नवऱ्याचा किंवा मुलाचा असतो, बाईच्या वाट्याला बटणांचा फोन येतो. म्हणजे आयफोन की अँड्रॉइड, हा वाद सुरू होण्याआधीच अर्ध्या बायका बाहेर राहिलेल्या असतात.

फोन दिला म्हणजे काम झालं, हाही भ्रमच. २०२१ मध्ये महाराष्ट्रातल्या अंगणवाडी सेविकांनी सरकारने दिलेले मोबाइल परत करण्याचं आंदोलन केलं. फोनची क्षमता अपुरी, तो तापतो, बंद पडतो आणि पोषण ट्रॅकर अ‍ॅपमध्ये मराठीत काम करता येत नाही, अशा त्यांच्या तक्रारी होत्या. ज्यांनी रोज वापरायचं, त्यांना कुणी आधी विचारलंच नव्हतं. स्त्रियांच्या संघटनांनी तरी हा कित्ता गिरवू नये.

म्हणून माझं मत स्पष्ट आहे. सुरुवात फोन नंबरापासून व्हावी. महिलांसाठी १८१ आणि आणीबाणीसाठी ११२ हे क्रमांक कुठल्याही फोनवरून लागतात. बटणांच्या फोनवर ५ किंवा ९ दाबून धरला की मदतीची हाक जावी, अशी तरतूद २०१६ मध्ये केलेल्या नियमांत आहे. ती किती जणींना माहीत आहे? हे शिकवायला ना आयफोन लागतो, ना अ‍ॅप.

दुसरी पायरी, साधं मराठी संकेतस्थळ. ते दोन्ही प्रकारच्या फोनवर उघडतं, फोनवर चिन्ह उरत नाही. पाहिलेल्या पानांची नोंद कशी पुसायची हे मात्र तिथेच सांगायला हवं.

त्यानंतरही अ‍ॅप हवंच असेल तर आधी अँड्रॉइडवर करा. आकाराने लहान, जुन्या फोनवर चालणारं, नेट नसताना एसेमेस पाठवणारं. फोनमधले सगळे नंबर आणि फोटो मागू नका. बाईची माहिती आपल्याकडे साठवू नका. जे साठवलंच नाही ते कुणाच्या हाती लागत नाही. आणि चाचणी कार्यालयातल्या नव्या फोनवर न करता वस्तीतल्या बायकांच्या, तडा गेलेल्या काचेच्या फोनवर करा.

पुढच्या बैठकीत तो प्रश्न आला, की आपणच उलट विचारू या: हे ज्या बाईसाठी आहे तिचा फोन कुठला, तो रात्री कुणाच्या उशाशी असतो, आणि त्याचं कुलूप आणखी कुणाला उघडता येतं? याची उत्तरं मिळाल्याशिवाय तंत्रज्ञाला कामाला लावू नये.