गेटच्या आत सफारी, धुऱ्यावर जागल



गेल्या दिवाळीनंतर कृषी महाविद्यालयातले माझे जुने सोबती ताडोबा पाहायला आले. कोणी बँकेत आहे, कोणी बियाण्याच्या कंपनीत. मलाही त्यांनी ओढून नेले. पहाटेच्या थंडीत कोलारा गेटमधून आत शिरलो. एका जिप्सीत सहा पाहुणे, एक गाईड, एक चालक. तासाभराने पाणवठ्यावर वाघीण दिसली. सगळे गप्प झाले, मीही झालो. खोटे कशाला बोलू? ते जनावर आहेच तसे.

संध्याकाळी सोबती रिसॉर्टवर थांबले आणि मी चिमूर तालुक्यातल्या आपल्या एका कार्यकर्त्याच्या वावरात गेलो. रात्रभर त्याच्यासोबत मचाणावर बसलो. तुरीत रोह्यांचा कळप, पलीकडे हरभऱ्यात डुकरे. त्याने डबा बडवला की कळप शेजाऱ्याच्या वावरात जाई. शेजाऱ्याने बडवला की परत आमच्याकडे येई. झुंजुमुंजू होईपर्यंत हेच चालले. सकाळी तो तसाच कापूस वेचणीला लागला. शेंगा भरल्यापासून त्याची एकही रात्र घरी गेली नव्हती.

ताडोबाला १९५५ साली राष्ट्रीय उद्यानाचा दर्जा मिळाला. १९८६ साली अंधारी अभयारण्य झाले आणि १९९५ साली दोन्ही मिळून व्याघ्र प्रकल्प झाला. गाभा सुमारे ६२५ चौरस किलोमीटर. २०१० साली त्याभोवती सुमारे ११०० चौरस किलोमीटरचे बफर आखले गेले. बफर म्हणजे मोकळे रान नव्हे. त्यात गावे आहेत, वावरे आहेत, गुरांची चराई आहे. गाभ्यातली बोटेझरी, नवेगाव, जामणी ही गावे तर उठून बाहेर आली. तिथल्या लोकांनी वाघासाठी घर सोडले, हे पाहुण्यांना कोणी सांगत नाही.

वाघ आपला वैरी नाही. रोही आणि डुक्कर हेच त्याचे खाणे. वैर आहे ते हिशेबाशी.

शेजाऱ्याची गाय आपल्या पऱ्हाटीत शिरली तर आपण काय करतो? तिला कोंडवाड्यात घालतो आणि मालक दंड भरून सोडवून नेतो. हा कायदा १८७१ सालचा, इंग्रजांचा. पण रोही शिरला तर? १९७२ च्या कायद्याने त्याचा राखणदार सरकार झाले. वनाधिकाऱ्याच्या परवान्याशिवाय त्याला हात लावता येत नाही. मग त्याने खाल्ल्याचा दंड राखणदाराने पुरता भरायला नको काय? आज तीन दिवसांत अर्ज करा, पंचनाम्याची वाट पाहा, कागद पुरे करा. इतके करून जे मिळते त्यात जागलीच्या रात्रींचा एक पैसा धरलेला नसतो.

नोकरीत असताना मी गावोगाव सांगत असे, कपाशीत ज्वारीच्या ओळी घ्या. घरचे धान्य होते, बैलाला कडबा होतो, बोंडअळी खाणाऱ्या मित्रकिडींना आसरा मिळतो. आज जंगलालगतच्या गावात हा सल्ला देताना जीभ अडखळते. ज्वारी दुधात आली की डुक्कर येते. खाते थोडे, ताटे लोळवते फार. ज्वारीला भावानेही मारले हे खरे. पण भाव परवडत असतानाही ज्यांनी ती सोडली, त्यांनी डुकरापायी सोडली. ज्वारी गेली तसा कडबा गेला, कडब्यामागे बैल गेला.

आणि नुसते पीकच जाते असे नाही. पांढरकवड्याच्या भागात तेरा माणसांच्या मृत्यूचा ठपका असलेली वाघीण २०१८ च्या नोव्हेंबरात मारली गेली, तोवर ऐन वेचणीत बाया वावरात जायला धजत नव्हत्या.

उलट बाजूही पाहा. २०२४ च्या शेवटच्या दिवशी उमरेड-पवनी-कऱ्हांडला अभयारण्यात जिप्सींनी वाघीण आणि तिच्या बछड्यांची वाट अडवली. उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने स्वतःहून दखल घेतली. योग्यच केले. वाघिणीची वाट अडली तर न्यायालय जागे होते. आपल्या घरातला माणूस वर्षातले कित्येक महिने मचाणावर अडकून पडतो, त्याची दखल कोणी घ्यायची?

सफारी बंद करा, असे आम्ही म्हणत नाही. बफरमधली कित्येक पोरे गाईड झाली, जिप्सी चालवू लागली. २०१२ साली सर्वोच्च न्यायालयात पर्यटनाचा वाद गेला, तेव्हा आलेल्या नियमांतच आहे की गेटचा पैसा सरकारी तिजोरीत न जाता जंगल आणि भोवतालच्या गावांसाठी वापरायचा. २०१५ पासून राज्याच्या जन-वन विकास योजनेत सौर कुंपणाची तरतूद आहे. तेव्हा मागणी नवी नाही, वसुलीची आहे. गेटच्या पैशाचा हिशेब ग्रामसभेत वाचला जावा. कुंपण एकेका वावराला न देता सगळ्या शिवाराला एकत्र द्यावे, नाहीतर कळप फक्त धुरा बदलतो. आणि भरपाईत जागलीची मजुरी धरावी.

एक गोष्ट मात्र कळकळीने सांगतो. कुंपणात विजेच्या खांबावरची लाईन सोडू नका. त्यात वाघ मरतो आणि पहाटे पाणी द्यायला गेलेला आपला पोरगाही मरतो. मग आपली न्याय्य मागणीही गुन्ह्याच्या कागदात गाडली जाते.

जिल्हा बैठकीला येताना प्रत्येक गावाने एक वही आणावी. तारीख, गट नंबर, जनावर कोणते, पीक किती गेले, किती रात्री जागलो. पाहुण्यांजवळ वाघाचे फोटो असतात, आपल्याजवळ नुकसानीची नोंद नसते. साहेबासमोर आपण बोलतो खूप, पण मांडायला कागद नसतो. या वेळी वह्या मांडू.