शिशुशाळा त्यांची, आळस आमचा

ख्रिस्ती शिशुशाळेत मुलांकडून येशूची प्रार्थना म्हणवून घेतात, म्हणून आमच्या देवस्थान-मंडळींचा संताप अनावर होतो. परंतु मन्नाएखेळ्ळीपासून बीदरपर्यंत आपल्यापैकी किती देवस्थानांनी बालवाडीसाठी एक ओसरी मोकळी करून दिली, असे विचारताच हे धर्मवीर मौन धरतात!

प्रार्थनेपुरते संविधानाचे २८ वे कलम स्पष्ट आहे. मान्यताप्राप्त वा अनुदानित संस्थेत पालकाच्या संमतीवाचून अज्ञान बालकास धर्मशिक्षणास वा उपासनेस बसण्याची सक्ती करता येत नाही. (प्रवेशअर्ज न वाचताच सही ठोकणाऱ्या पालकाला मात्र कोणतेही कलम तारू शकत नाही.)

राहिली शिक्षणपद्धती. १८४० साली ‘किंडरगार्टन’ हे नाव देणारा फ्रोबेल पाद्र्याचा मुलगा. १९०७ साली रोमच्या गरीब वस्तीत बालगृह उघडणाऱ्या माँटेसरीबाई कॅथलिक. म्हणून मण्यांनी मोजणे आणि छडीवाचून शिकणे ख्रिस्ती ठरते काय? गिजुभाई बधेका व ताराबाई मोडक यांनी तसे मानले नाही. १९२६ साली त्यांनी नूतन बालशिक्षण संघ स्थापिला. ताराबाईंनी १९४५ साली बोर्डीस बालवाडी काढली, पुढे कोसबाडला आदिवासींच्या अंगणातच शाळा नेली; महागड्या साधनांच्या जागी शिंपले, बिया, पाने आणली.

आमचे पालक त्या शाळेच्या दारी जातात ते येशूसाठी नव्हे, इंग्रजीसाठी. घरी मराठी वा कोंकणी, बाजारात कन्नड, आणि तीन वर्षांच्या पोराने रडायचे मात्र इंग्रजीत! हा दोष मिशनऱ्यांचा कसा?

सभामंडपास संगमरवर बसविण्याचा ठराव पुढील सभेत येईल. त्याच्याच आधी बालवाडीचा ठराव मांडा; विरोधास कोणाचे हात वर होतात, ते पाहू.