परवाना हवा, पण बेघर करणारा नको

27 सप्टेंबर 2013 रोजी सकाळी मुंबईत डॉकयार्ड रोडजवळची बाबू गेनू मंडईची इमारत कोसळली आणि 61 माणसे ढिगाऱ्याखाली प्राणाला मुकली. ही इमारत कोणा नफेखोर घरमालकाची नव्हती. ती मुंबई महानगरपालिकेच्या मालकीची होती आणि तिच्यात पालिकेच्याच कर्मचाऱ्यांची कुटुंबे राहत होती. शहरातील इमारतींच्या सुरक्षिततेची जबाबदारी जिच्यावर, तिच्याच छपराखाली तिचेच कामगार चिरडले जावेत, याहून जळजळीत आरोपपत्र दुसरे कोणते?

खानावळ चालवायची तर परवाना लागतो आणि मुदत संपली की तो नव्याने घ्यावा लागतो. लिफ्टचीही ठराविक काळाने सरकारी तपासणी होते. मात्र ज्या इमारतीत ती लिफ्ट वरखाली करते तिला एकदा भोगवटा प्रमाणपत्र मिळाले की काम संपले! महापालिका कायद्यातील कलम 353 ब नुसार इमारतीची संरचनात्मक तपासणी सक्तीची होते ती 30 वर्षे उलटल्यावर, आणि तपासणारा अभियंता नेमायचा मालकाने किंवा रहिवाशांनीच. मधल्या काळात गच्ची गळते, खांबांतील लोखंड गंजते, तळमजल्यावर मनमानी फेरफार होतात. जुलै 2017 मध्ये घाटकोपरची साईदर्शन इमारत कोसळून 17 जण गेले, तेव्हा तिच्या तळमजल्यावर नूतनीकरणाचे काम चालू होते.

म्हणून प्रत्येक निवासी संकुलाला ठराविक मुदतीचा परवाना असावा, ही मागणी रास्त आहे. ती अव्यवहार्यही नाही. कॅनडातील टोरोंटो शहराने 2017 पासून तीन वा अधिक मजल्यांच्या आणि दहा वा अधिक घरांच्या भाड्याच्या इमारतींना नोंदणी, शुल्क व नियमित तपासणी लागू केली. तेथे मालकाने दुरुस्ती टाळल्यास पालिका ती करून घेऊन खर्च मालमत्ता करातून वसूल करू शकते.

परंतु मुंबईत प्रश्न एवढ्यावर सुटत नाही. भेंडीबाजारातील हुसैनी इमारत 31 ऑगस्ट 2017 रोजी कोसळून 33 जण मेले. ती मोडकळीस आल्याचे आधीच जाहीर झाले होते, तरीही तिच्यात माणसे राहत होती. त्यांना जीव नकोसा झाला होता काय? घर एकदा सोडले की ते परत मिळत नाही, संक्रमण शिबिरात पिढी म्हातारी होते, हा या शहरातील भाडेकरूंचा अनुभव आहे. ‘अतिधोकादायक’ ही नोटीस बिल्डरला पर्वणी आणि भाडेकरूला हद्दपारीचा हुकूम वाटत असेल, तर परवाना नाकारण्याच्या अधिकाराचाही तोच उपयोग होईल.

1969 च्या इमारत दुरुस्ती कायद्याने जुन्या इमारतींची दुरुस्ती ही सार्वजनिक जबाबदारी मानली आणि त्यासाठी उपकर बसवला. ते तत्त्व योग्यच होते. पण दुरुस्ती केव्हा, किती आणि कशी, हे ठरविताना उपकर भरणाऱ्या रहिवाशाला आवाज मिळाला नाही. परवान्याच्या कायद्यात ही चूक पुन्हा होता कामा नये. तपासणीचा अहवाल मराठीत, इमारतीच्या दारावर लागला पाहिजे; निरीक्षकाच्या लाचखोरीवर याहून स्वस्त उपाय नाही. तपासणीत रहिवाशांच्या समितीची सही हवी. परवाना रद्द झाला तर शिक्षा मालकाला व्हावी आणि रहिवाशाला त्याच परिसरात पर्यायी घर व परतीचा लेखी हक्क मिळावा. पहिली तपासणी पालिकेच्या स्वतःच्या वसाहतींची व्हावी, कारण आपल्या कामगारांना सुरक्षित छप्पर न देणाऱ्या मालकाला दुसऱ्याचा परवाना तपासण्याचा नैतिक अधिकार उरत नाही.

इमारत पडल्यावर मदतीला धावून जाणे हे कार्यकर्त्यांचे कर्तव्य आहेच. पण ती उभी असतानाच चाळीचाळीतून रहिवाशांच्या समित्या उभ्या करणे, हे त्याहून मोठे कर्तव्य आहे. कायदा कागदावर सरकार आणील. तो जिन्यापर्यंत पोचवण्याचे काम संघटित भाडेकरूच करू शकतात.