‘एकटीच?’

गेल्या महिन्यात आमच्या गटाच्या बैठकीत एक प्रसंग घडला. तेवीस वर्षांच्या एका कार्यकर्तीने सांगितले, ‘तीन वर्षे पैसे साठवलेत. आता पाठीवर सॅक टाकून दोन महिने पेरू आणि बोलिव्हिया फिरून येणार आहे.’ क्षणभर कुणी काही बोलले नाही. मग पंचवीस-पंचवीस वर्षे चळवळीत घालवलेल्या आम्ही बायका जवळजवळ एकाच सुरात म्हणालो, ‘एकटीच?’

त्यात माझाही आवाज होता. ती माझ्याकडे वळून म्हणाली, ‘ताई, तुम्हीही गेला होतात ना?’

होय, गेले होते. २०१८ साली, वयाच्या एक्केचाळिसाव्या वर्षी. तिकडे ऐकलेला पहिला स्पॅनिश शब्द ‘सोला?’ म्हणजे ‘एकटीच?’ ला पाझच्या बसस्थानकावर तिकीट देणाऱ्याने विचारले, टॅक्सीवाल्याने विचारले, रात्रीच्या बसमध्ये शेजारी बसलेल्या आजीनेही विचारले. मी एक उत्तर पाठ करून ठेवले होते: ‘नवरा पुढच्या गावी थांबलाय.’ बोटात बाजारातून घेतलेली साधी अंगठी होती. घटस्फोट होऊन नऊ वर्षे झाली होती. खऱ्या नवऱ्याने कधी सोबत केली नाही, या खोट्या नवऱ्याने दोन महिने इमानेइतबारे केली!

हा किस्सा मी पुष्कळदा हसत सांगितला आहे. पण मैत्रिणींनो, त्यात हसण्यासारखे काय आहे? समोरचा पुरुष गप्प बसायचा तो माझा मान राखून नव्हे, दुसऱ्या पुरुषाची मालकी मानून. माझ्या सुरक्षिततेची किंमत मी पुरुषसत्तेच्याच नाण्यात मोजत होते.

हे नाणे नेहमी चालतेच असेही नाही. फेब्रुवारी २०१६ मध्ये इक्वेडोरच्या किनाऱ्यावरील मोंतान्यिता या गावात अर्जेंटिनातील मेंडोसा शहराच्या दोन तरुण मुलींचा खून झाला. त्या सॅक घेऊन दक्षिण अमेरिका पाहायला निघाल्या होत्या. बातमी आली आणि पाठोपाठ प्रश्न आला, ‘त्या एकट्या का फिरत होत्या?’ नीट पाहा, त्या दोघी होत्या. दोन माणसे सोबत होती, तरी जगाच्या हिशेबात ‘एकट्या’! म्हणजे एकटी याचा अर्थ ‘कुणाशिवाय’ असा नाहीच, ‘पुरुषाशिवाय’ असा आहे. दहा जणी निघाल्या तरी त्या एकट्याच. त्या वेळी लॅटिन अमेरिकेतल्या हजारो बायकांनी या शब्दालाच धरले. ‘मी एकटी प्रवास करते’ अशी घोषणा करून त्यांनी विचारले, मारणाऱ्याला सोडून मेलेलीची झडती का घेता?

आता उलट प्रश्न विचारू. घरी थांबणारी सुरक्षित असते का? संयुक्त राष्ट्रांच्या अहवालानुसार २०२३ साली जगात सुमारे ५१,१०० स्त्रिया व मुली जोडीदाराच्या किंवा घरच्या माणसांच्या हातून मारल्या गेल्या. जाणूनबुजून मारल्या गेलेल्या स्त्रियांपैकी या सुमारे साठ टक्के. तरीही लग्नाला निघालेल्या मुलीला कुणी घाबरून विचारत नाही, ‘एवढा धोका पत्करतेस?’

अमेरिकेतल्या ओहायो राज्यातली एमा गेटवूड ही अकरा मुलांची आई. तीसेक वर्षे नवऱ्याचा मार खाल्ल्यावर तिने घटस्फोट घेतला. १९५५ साली, वयाच्या ६७व्या वर्षी, ‘जरा चालून येते’ असे मुलांना सांगून ती निघाली. खांद्यावर घरी शिवलेली पिशवी, पायात साधे कापडी बूट. ॲपलेशियन डोंगररांगांतली जवळजवळ ३,३०० किलोमीटरची वाट तिने एका मोसमात एकटीने पुरी केली. त्या वाटेवर साप होते, अस्वले होती, पूर आलेल्या नद्या होत्या. तिचा जीव मात्र त्याआधी घरातच धोक्यात होता.

कुणी म्हणेल, हे परवडणाऱ्या बायकांचे चोचले. हा आक्षेप मी झटकून टाकणार नाही. बोलिव्हियात मी डोंगर चढले तेव्हा माझ्यासाठी ओझे वाहणारी आणि चूल पेटवणारी एक आयमारा बाई होती. मी ‘प्रवासी’ आणि ती ‘मजूर’! खरे तर तो डोंगर तिचा होता. पण त्या बायकांनी या आक्षेपाचे उत्तर आधीच देऊन ठेवले होते. गिर्यारोहकांचा स्वयंपाक करणाऱ्या, सामान वाहणाऱ्या आयमारा बायका २०१५ साली स्वतःच चढू लागल्या. अंगात नेहमीचे घेरदार घागरे, पायात क्रॅम्पॉन. वायना पोतोसी हे ६,०८८ मीटरचे शिखर झाले. जानेवारी २०१९ मध्ये त्यांच्यातल्या काही जणींनी ६,९६१ मीटरचे आकोंकाग्वा गाठले. ‘हे आमच्यासारखीचे काम नव्हे’ असे त्या म्हणाल्या नाहीत. मग त्यांच्या वतीने आपण का म्हणावे?

आणि आपल्याकडे तरी ही गोष्ट नवी कुठे आहे? १८८३ साली आनंदीबाई जोशी नवऱ्याशिवाय बोटीने अमेरिकेला गेल्या. विधवा पंडिता रमाबाई १८८६ साली तिथे पोहोचल्या, देशभर हिंडल्या आणि परतल्यावर त्या प्रवासावर मराठीत पुस्तक लिहिले. त्यांनाही हाच प्रश्न विचारणारे कमी नव्हते. सव्वाशेहून अधिक वर्षांनंतर तोच प्रश्न आपण, त्यांचे नाव घेणाऱ्यांनी, आपल्याच मुलीला विचारावा?

काळजी करू नका असे मी म्हणत नाही. भीती खरी आहे, मलाही वाटली होती. पण काळजीचा रोख बदला. मुलींना ‘काय करू नये’ याच्या याद्या देणे पुरे झाले. बसस्थानकावर रात्री दिवा आणि स्वच्छ संडास मागू. बाईची तक्रार ‘तू तिथे गेलीसच का’ असे न विचारता लिहून घेणारे पोलीस मागू. ओझे वाहणाऱ्या बाईला पुरी मजुरी मागू. या मागण्या ला पाझच्या आहेत, तशाच लातूरच्याही.

ती मुलगी पुढच्या महिन्यात निघते आहे. मी तिला माझी सॅक दिली. अंगठीही पुढे केली, पण ती तिने घेतली नाही. पुढच्या बैठकीत आपण तिला इतकेच विचारू या: ‘पैसे पुरतील ना? काय काय पाहणार आहेस?’