शिरोड्याचे मीठ आणि दहा ठिपके

ठिपक्यांची रांगोळी घालणाऱ्या गृहिणींना भूमितीचा एक सिद्धांत न शिकताच कळलेला असतो. समोरासमोर ठिपके मांडले की चौकोन जुळतात. एकाआड एक मांडले की सहा पाकळ्यांचे फूल होते. पाच सारख्या पाकळ्या मात्र त्या ठिपक्यांवर बसत नाहीत. सारख्या बाजूंचे आणि सारख्या कोनांचे पंचकोन काढून अंगण भरू म्हणाल, तर मध्ये फटी राहणारच!

निसर्गाचीही हीच रांगोळी. मालवणहून दक्षिणेला, १९३० च्या मिठाच्या सत्याग्रहाने गाजलेल्या शिरोड्याला चला. मिठागरातले मीठ भिंगाखाली धरा. बारीक चौकोनी ठोकळे दिसतील. आत सोडियम आणि क्लोरीन ठिपक्यांसारखे ओळीने बसलेले. १९१२ साली फॉन लाउए यांच्या कल्पनेवरून स्फटिकातून क्ष-किरण सोडले गेले आणि फोटोच्या काचेवर ठिपक्यांची नक्षी उमटली. पुढच्याच वर्षी लॉरेन्स ब्रॅग यांनी अशाच नक्षीवरून मिठाची रचना उलगडली. मिठाची ही नक्षी पाव फेरा फिरवली तरी तशीच दिसते. इतर स्फटिकांत अर्धा, एकतृतीयांश किंवा एकषष्ठांश फेरा चालतो. पाचाला आणि दहाला मज्जाव!

८ एप्रिल १९८२ रोजी अमेरिकेत काम करणारे इस्रायली शास्त्रज्ञ डॅन शेक्टमन यांनी झटकन थंड केलेल्या ॲल्युमिनियम-मँगनीजच्या मिश्रधातूतून इलेक्ट्रॉनचा झोत सोडला. ठिपके मोजले, तर वर्तुळात दहा! त्यांनी वहीत प्रश्नचिन्हे काढली, पण ठिपके पुसले नाहीत. गटप्रमुखाने त्यांना गट सोडायला लावले. दोनदा नोबेल मिळवलेल्या पॉलिंग यांनी जाहीर टवाळी केली. लेख छापून यायला १९८४ उजाडले.

उलगडा असा, की या पदार्थात अणूंना शिस्त असते, पण एकच नक्षी ठरावीक अंतराने पुन्हा येत नाही. पेनरोझ या गणितज्ञाने दोनच आकारांच्या फरश्यांनी अशी जमीन आधीच भरून दाखवली होती. या पदार्थांना क्वासिक्रिस्टल म्हणतात. १९८५ साली बंगळूरच्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समध्ये चट्टोपाध्याय, रंगनाथन आणि सहकाऱ्यांनी त्यांची दशकोनी जात पाहिली. त्या सहकाऱ्यांत एक लेलेही होते!

१९९२ साली स्फटिकाची व्याख्याच बदलली आणि २०११ साली शेक्टमन यांना नोबेल मिळाले.

तेव्हा वाचकहो, उद्या घरातले पोर पुस्तकात नसलेले काही पाहून आले, तर लगेच दटावू नका. आधी म्हणा, ‘पुन्हा मोजून दाखव बघू!’