बैलासाठी नवी सुई, मग लेकरासाठी का नको?



जत्रेत आता पाळण्याच्या शेजारी टॅटूचे दुकानही दिसू लागले आहे. तरुण मुलगा हातावर क्रूस किंवा आईचे नाव गोंदवून घरी येतो आणि घरात वाद पेटतो. एक जण लेवीय ग्रंथातील १९ व्या अध्यायाचे २८ वे वचन पुढे करतो, दुसरा आजीच्या कपाळावरील हिरव्या गोंदणाकडे बोट दाखवितो. इजिप्तमधील कॉप्टिक ख्रिस्ती लोक तर पिढ्यान्‌पिढ्या मनगटावर क्रूस गोंदवीत आले आहेत. हा वाद चालायचा तितका चालो. माझे म्हणणे एवढेच की, त्याच्या गडबडीत पहिला प्रश्न विचारायचा राहून जातो : सुई नवी होती का?

हाच प्रश्न पहिला का, हे कळण्यासाठी कातडीची रचना ध्यानात घेतली पाहिजे. शेतातल्या मातीप्रमाणे कातडीचेही थर असतात. सर्वांत वर बाह्यत्वचा. अंगावर बहुतेक ठिकाणी ती मिलिमीटरच्या दहाव्या हिश्श्याइतकीच जाड असते. तिच्यात रक्तवाहिन्या नसतात. तिच्या पेशी तळाशी तयार होतात, हळूहळू वर सरकतात आणि साधारण महिना-दीड महिन्यात झडून जातात. तिच्याखाली अंतस्त्वचा असते. रक्तवाहिन्या, मज्जातंतू, घामाच्या ग्रंथी व केसांची मुळे याच थरात असतात. त्याच्याही खाली चरबीचा थर.

गोंदणे हे पाभरीने पेरण्यासारखे आहे. बी वरच पडले तर पाखरे टिपतात, फार खोल गेले तर उगवत नाही. रंग बाह्यत्वचेतच राहिला तर तो कातडीबरोबर झडतो. मेंदी अशीच जाते. तो चरबीपर्यंत गेला तर पसरतो आणि रेघ फिसकटते. म्हणून सुई एक ते दोन मिलिमीटर आत, अंतस्त्वचेत उतरवावी लागते.

तेथे शरीर या रंगाला परका समजते. भक्षक पेशी धावून येतात आणि रंगाचे कण गिळतात; पण त्यांना ते पचत नाहीत. २०१८ साली फ्रान्समधील मार्सेय येथील संशोधकांनी उंदरांवर प्रयोग करून दाखविले की, अशी पेशी मेली की तिचा रंग मोकळा होतो आणि नवी पेशी तो पुन्हा गिळते. राखणदार बदलतो, राखण चालूच राहते. म्हणूनच गोंदण जन्मभर टिकते. काही कण मात्र तेथे न थांबता काखेतील गाठींपर्यंतही पोचतात. आजीचे गोंदण काळ्या काजळीचे असूनही हिरवे दिसते, कारण आपण ते वरच्या कातडीच्या पडद्यातून पाहत असतो.

आता मुद्द्याची गोष्ट. रंग जेथे टिकतो तेथेच रक्त वाहते. जी सुई रंग आत नेते, तीच आधीच्या माणसाच्या रक्तातील हिपॅटायटिस बी, हिपॅटायटिस सी किंवा एचआयव्हीचे विषाणूही आत नेऊ शकते. हिपॅटायटिस बीचा विषाणू शरीराबाहेर निदान ७ दिवस टिकू शकतो. सुई पाण्यात बुचकळून फडक्याने पुसली म्हणजे ती शुद्ध होत नाही. रंगाची वाटी सर्वांना एकच असेल तर नवी सुईही व्यर्थ. हिपॅटायटिसचे हे रोग वर्षानुवर्षे काही लक्षण न दाखविता यकृत पोखरू शकतात. हिपॅटायटिस बीची लस बालकांच्या सरकारी लसीकरणात देशभर आली ती २०११ मध्ये; त्याआधी जन्मलेल्या अनेकांना ती मिळालेली नाही. हिपॅटायटिस सीवर औषध आहे, पण लस नाही.

२०२२ साली लम्पीची साथ आली तेव्हा जनावरागणिक सुई बदला, असे पशुवैद्यक बजावून सांगत होते. बैलाच्या बाबतीत जी काळजी आपल्याला पटते, ती लेकराच्या बाबतीत मागायला लाज कसली?

म्हणून गोंदवायचेच असेल तर सीलबंद सुई आपल्या डोळ्यांदेखत फोडून घ्यावी, रंग नव्या टोपणात ओतून घ्यावा आणि गोंदणाऱ्याने हातमोजे बदलावेत. दुकानदार कुरकुर करील तर उठून यावे. धनुर्वाताची लस झाली आहे का ते पाहावे. मधुमेह असेल तर आधी डॉक्टरांना विचारावे. जखम भरेपर्यंत, म्हणजे दोन-तीन आठवडे, ती शेण, चिखल व फवारणीच्या औषधापासून जपावी. तिच्यावर राख किंवा तंबाखू लावू नये. पू झाला किंवा ताप आला तर तडक आरोग्य केंद्र गाठावे. नको झालेले गोंदण काढायला चुना किंवा ॲसिड कधीही वापरू नये. लेसरने ते फिके होते, पण खेपा अनेक आणि खर्च मोठा.

आईबापांना माझी विनंती आहे. नुसते ओरडल्याने मुलगा गोंदवायचे थांबत नाही. तो चोरून जातो, आणि चोरून जाणारा सर्वांत स्वस्त दुकानात बसतो. तेव्हा शास्त्रार्थ जरूर करा, पण तो जत्रेला निघण्याआधी सुईची गोष्ट त्याच्या कानावर घाला. ज्यांनी आधीच अशा दुकानात गोंदवून घेतले आहे, त्यांनी न घाबरता रक्त तपासून घ्यावे. घरच्यांनी त्याला बोल न लावता सोबत जावे.